टेट्राहायमेनात जनुक बंद केलं, जोड्या जमल्या पण संतती नाही: बिघाड नेमका कुठे झाला ते कसं शोधायचं

सिलिएटवर (अंगावर बारीक केसांसारखे तंतू असलेले एकपेशी जीव) काम सुरू करणारे बरेचजण एकाच जागी अडकतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहून काढतोय. जनुक निवडलं, नॉकआउट केला म्हणजे ते निकामी केलं, दोन मेटिंग टाइप (कोणाची कोणाशी जोडी जमते ते ठरवणारे प्रकार) मिसळले, जोड्या छान जमल्या आणि शेवटी संतती शून्य. मग लगेच लिहून मोकळे, की हे जनुक जीनोमच्या फेररचनेला लागतं म्हणून. पण तसं म्हणता येत नाही ना. जोडी जमल्यापासून नवीन केंद्रक कामाला लागेपर्यंत मध्ये कितीतरी टप्पे आहेत आणि त्यातल्या कुठल्याही टप्प्यावर गाडी अडली तरी शेवटी दिसतं तेच, संतती नाही. म्हणून शोधायचं असतं ते हे, की नॉर्मल पेशी आणि तुमची बिघडलेली पेशी पहिल्यांदा कुठल्या तासाला वेगळ्या दिसायला लागतात. तो तास सापडला की अर्धं काम झालं.

आधी पेशी थोडक्यात. टेट्राहायमेना थर्मोफिला ही एकच पेशी पण आत केंद्रकं दोन. छोटं केंद्रक म्हणजे जपून ठेवलेली मूळ प्रत, त्यात क्रोमोसोमच्या ५ जोड्या, आणि पेशी नुसती वाढत असते तेव्हा ते गप्प बसलेलं असतं. मोठं केंद्रक म्हणजे रोजच्या वापराची छाटलेली प्रत, त्यात बहुतेक प्रत्येक तुकड्याच्या साधारण ४५ कॉप्या, पेशीचं सगळं काम तिथूनच चालतं. दोन पेशी जोडीला आल्या की छोट्या केंद्रकापासून नवीन मोठं केंद्रक बनतं आणि जुनं मोठं केंद्रक नष्ट केलं जातं. हे नवीन बनताना मूळ जीनोममधला जवळजवळ एक तृतीयांश भाग कापून फेकला जातो, साधारण १२ हजार तुकडे! शिवाय ५ क्रोमोसोम तुटून त्यांचे १८० च्या आसपास छोटे क्रोमोसोम होतात. तुटण्याच्या जागा १५ अक्षरांच्या एका ठरलेल्या खुणेवरून ओळखल्या जातात. या सगळ्याला मिळून जीनोमची फेररचना म्हणतात. कापून फेकायच्या तुकड्यांना सगळे आयईएस म्हणतात, मीपण तेच म्हणणार.

जनुकाला हात लावण्याआधी

टेट्राहायमेना जीनोम डेटाबेसवर जाऊन जनुक कधी चालू होतं ते बघा. वाढताना, उपाशी असताना आणि मिसळल्यापासून १८ तासांपर्यंत दर दोन तासांनी आरएनए किती आहे, याचे आलेख तयार मिळतात. हा आलेख नीट वाचला तर पुढचे महिने वाचतात. २ ते ४ तासांना शिखर असेल तर काम मायोसिसच्या (क्रोमोसोमची संख्या निम्मी करणारं विभाजन) आसपासचं किंवा छोटे आरएनए बनवण्याचं असायची शक्यता जास्त. ८ च्या पुढे वर जात असेल तर नवीन मोठ्या केंद्रकातलं काहीतरी. उपाशी असतानाच वर आणि नंतर खाली, तर जोडीदार ओळखण्याशी संबंध असू शकतो.

आणि नॉकआउट कुठे करायचा हेपण यावरूनच ठरतं. सुरुवातीच्या तासांत लागणारं प्रथिन जुन्या मोठ्या केंद्रकातून येतं, त्यामुळे फक्त मोठ्या केंद्रकातल्या कॉप्या बदलल्या तरी परिणाम दिसतो. पण उशिरा लागणारं जनुक नवीन मोठ्या केंद्रकातूनसुद्धा चालू होतं, आणि ते तर छोट्या केंद्रकातल्या चांगल्या कॉपीवरून बनलेलं असतं. मग नॉकआउट केलेल्या पेशीसुद्धा ठणठणीत संतती देतात आणि आपण समजतो जनुक बिनकामाचं. अशा वेळी छोट्या केंद्रकातलीही कॉपी घालवावी लागते.

नॉकआउट करताना

जीन गनने सोन्याच्या कणांवर डीएनए लावून मारायचा. निओ४ कॅसेट (औषधाला दाद न देणारं जनुक असलेला डीएनएचा तुकडा) बहुतेकजण वापरतात, कॅडमियम घातलं की ती चालू होते आणि पेशी पॅरोमोमायसिनमध्ये तगतात, साधारण १०० ते १२० मायक्रोग्राम प्रति एमएल. फक्त मोठं केंद्रक बदलायचं असेल तर उपाशी पेशींवर मारा, छोटं बदलायचं असेल तर जोडीत असलेल्या पेशींवर, मिसळल्यापासून साधारण अडीच ते साडेतीन तासांच्या मध्ये. सुरुवातीला ४५ पैकी एखाददोनच कॉप्या बदललेल्या असतात. मोठं केंद्रक विभागताना कॉप्या मोजूनमापून वाटत नाही, जशा येतील तशा जातात, त्यामुळे औषध हळूहळू वाढवत नेलं आणि दरवेळी एकेक पेशी उचलून वाढवली की शेवटी सगळ्या कॉप्या बदललेली पेशी मिळते. पूर्ण बदलली का ते पीसीआरने (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघायची चाचणी) बघा, आणि औषध काढून बऱ्याच पिढ्या वाढवून पुन्हा एकदा बघा, कारण औषधाच्या दबावाखाली थोड्या जुन्या कॉप्या लपून राहतात आणि दबाव गेला की परत वर येतात. वाढीसाठीच लागणारं जनुक असेल तर पूर्ण बदल होतच नाही, ते तिथेच कळतं.

एक गोष्ट नवीन माणसाला हमखास चकवते. टेट्राहायमेनात यूएए आणि यूएजी हे स्टॉप नाहीत, ते ग्लुटामिन घालतात. स्टॉप एकच, यूजीए. म्हणजे इथलं जनुक उचलून जसंच्या तसं बॅक्टेरियात टाकलं तर प्रथिन मध्येच तुटणार.

नॉकआउट दोन वेगवेगळ्या मेटिंग टाइपमध्ये करा. हे मी जोर देऊन सांगतोय कारण एकाच बाजूचा नॉकआउट आणि दुसरी बाजू नॉर्मल असं केलं तर जोडीतल्या छिद्रांमधून चांगलं प्रथिन पलीकडून येतं आणि बिघाड झाकला जातो. बिघडलेली गुणिले बिघडलेली, हाच खरा क्रॉस.

छोट्या केंद्रकात दोन्ही कॉप्या गेलेली पेशी हवी असेल तर स्टार नावाचे स्ट्रेन (पेशींचे वाण) कामाला येतात. त्यांचं छोटं केंद्रक इतकं खराब असतं की त्यांच्याकडून काहीच जात नाही, चांगल्या जोडीदाराचं एक केंद्रक दोघांकडे जातं आणि तेच दुप्पट होतं. म्हणजे एका फेरीत दोन्ही कॉप्या सारख्या. पहिल्या फेरीत मोठं केंद्रक मात्र जुनंच राहतं, नवीन हवं तर त्याच पेशींची दुसरी फेरी लावावी लागते.

उपाशी ठेवणं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात म्हणून इथे जरा थांबतो. पेशी भरपेट असतील तर कितीही मिसळा, जोडीला येणार नाहीत. आणि अर्ध्या उपाशी असतील तर येतात पण वेगवेगळ्या वेळी येतात, ते जास्त वाईट.

कल्चर जोमाने वाढत असतानाच उचला, साचून जुनं झालेलं नको. हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करून १० मिलीमोलर ट्रिस बफर, पीएच ७.५ च्या आसपास, यात दोनदा धुवा. वरचं पाणी झटकन ओता, कारण या पेशी पोहणाऱ्या आहेत, खाली बसल्या तरी मिनिटभरात परत वर यायला लागतात आणि निम्मं कल्चर सिंकमध्ये जातं. मग मोजून एका एमएलमध्ये साधारण २ लाख पेशी ठेवा, ३० डिग्रीला, रात्रभर. थर पातळ असू दे, हवा नीट मिळाली पाहिजे.

सकाळी दोन्ही मेटिंग टाइप पुन्हा मोजा, सारख्या संख्येने मिसळा आणि ताट ठेवून द्या. हलवायचं नाही. हलवत राहिलं तर जोड्या जमतच नाहीत. पहिला तासभर काही दिसत नाही पण त्या वेळात पेशी एकमेकींना शिवत असतात आणि पुढच्या टोकाचा आकार बदलत असतो. मग जोड्या दिसायला लागतात आणि दोन-तीन तासांत नॉर्मल क्रॉसमध्ये ८० टक्क्यांच्या वर पेशी जोडीत असायला हव्यात. नसतील तर त्या दिवसाचा प्रयोग तिथेच सोडा, पुढे मोजलेलं काहीच भरवशाचं नसतं.

नॉर्मल क्रॉस, उदाहरणार्थ बी२०८६ आणि सीयू४२८ हे स्ट्रेन, त्याच दिवशी, त्याच ट्रिसमध्ये, शेजारच्या ताटात हवाच. माझ्या एका नॉकआउटमध्ये १० तासांनंतरही जोड्या सुटत नव्हत्या आणि मी बरेच दिवस जोडी सुटण्याचं जनुक सापडलं असं धरून बसलो होतो. मग शेजारी नॉर्मल ताट ठेवून दर तासाला बघितलं तेव्हा कळलं की माझ्या पेशी नीट उपाशीच नव्हत्या, सगळं दोन तास उशिरा सुरू होत होतं, बिघाड असा काही नव्हताच.

घड्याळ

दर तासाला थोडा नमुना काढा, फॉर्मल्डिहाइडने फिक्स करा, डॅपीने (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) रंगवा आणि किमान शंभर जोड्या मोजा. ३० डिग्रीला काय दिसायला हवं ते असं.

३ ते साडेतीन तासांना छोटं केंद्रक, जे एरवी मोठ्याच्या कुशीत चिकटलेला एक ठिपका असतो, ते लांबायला लागतं. आधी स्वल्पविरामासारखं शेपूट फुटतं, मग ते ताणत ताणत पेशीच्या लांबीच्या दुप्पट होतं आणि मोठ्या केंद्रकाभोवती चंद्रकोरीसारखं वळसा घालून बसतं. पहिल्यांदा हे मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा मी फोकस सोडून पुढच्या जोडीकडे जायलाच तयार नव्हतो, जोडीतल्या दोन्ही पेशींत एकाच वेळी, अगदी आरशात बघावं तशा दोन कोरी. स्पो११ हे जनुक नसेल तर ही कोर होतच नाही, कारण लांबायचा इशारा एरवी स्पो११ ने पाडलेल्या डीएनएच्या दुहेरी तुट्यांतून मिळतो. डीएनएला बाहेरून, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटने वगैरे इजा केली तर स्पो११ शिवायही कोर होते. म्हणजे तुमच्या नॉकआउटमध्ये कोर नाही तर शोध इथेच सुरू करा, फेररचनेपर्यंत जाऊच नका.

५ तासांच्या सुमारास मायोसिसची विभाजनं होतात, चार केंद्रकं बनतात, त्यातलं एक दोन पेशींच्या सांध्यापाशी जाऊन वाचतं आणि बाकी तीन मरतात. वाचलेलं पुन्हा एकदा विभागतं, एक घरीच राहतं आणि एक पलीकडे जातं. इथे हॅप२ हे जनुक लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना हॅप२ नसेल तर पेशी एकमेकींना चिकटतात पण मधल्या पडद्याला छिद्रंच पडत नाहीत, त्यामुळे देवाणघेवाण होत नाही. बाहेरून बघायला जोडी अगदी ठीक! नुसत्या जोड्या मोजून हे कधीच कळणार नाही.

पावणेसात-सातपर्यंत दोन केंद्रकं एक होतात, मग दोन विभाजनं होऊन चार. ८ तासांना पुढच्या टोकाकडची दोन फुगायला लागतात, तीच नवीन मोठी केंद्रकं. मागची दोन छोटी राहतात. जुनं मोठं केंद्रक मागे सरकतं, आकसतं, डॅपीत घट्ट चमकणारा गोळा दिसतो आणि नाहीसं होतं. १० ते १२ तासांत जोड्या सुटायला लागतात. आणि आयईएसची खरी कापाकापी त्यानंतरच्या तासांत, म्हणजे साधारण १२ ते १६.

थेंबात एकेक जोडी

हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती देणारा प्रयोग आहे, तरी लोक टाळतात कारण हात दुखतात. नॉकआउट शक्यतो सीयू४२७ आणि सीयू४२८ मध्ये केलेला असावा. सीयू४२७ च्या छोट्या केंद्रकात सायक्लोहेक्सिमाइडला दाद न देणारं रूप आहे, सीयू४२८ च्या छोट्यात ६-मिथाइलप्युरिनला दाद न देणारं, पण दोघांची मोठी केंद्रकं साधीच. म्हणजे आईबाप दोन्ही औषधांनी मरतात आणि खरी संतती दोन्हींत जगते.

६ ते ८ तासांच्या सुमारास बारीक पिपेटने एकेक जोडी उचलून खाद्याच्या एकेका थेंबात सोडा. फार लवकर खाऊ घातलं तर जोडी अर्ध्यावर सोडून पेशी परत वाढायला लागतात, म्हणून आधी नको. दोन-तीन दिवसांनी बघा. वाढल्या आणि औषधात जगल्या, तर सगळं नीट पार पडलं. वाढल्या पण औषधात मेल्या, तर नवीन केंद्रक बनलंच नाही आणि पेशी जुन्या मोठ्या केंद्रकावर परत आल्या, म्हणजे बिघाड आधीच्या टप्प्यांत. वाढल्याच नाहीत, तर जुनं केंद्रक गेलं आणि नवीन निकामी निघालं, म्हणजे बिघाड उशिराचा. जीनोमच्या फेररचनेची जनुकं जवळजवळ नेहमी या तिसऱ्या गटात येतात. सुरुवातीला म्हटलं ना की संतती नाही हे एकच लक्षण, ते या थेंबांमुळे दोन वेगळ्या लक्षणांत फुटतं.

फेररचना खरंच बिघडली का

पेशी खाऊ न घालता दीड दिवस ठेवा. नॉर्मल पेशी दोन मोठी आणि एक छोटं केंद्रक अशा अवस्थेत येतात, दुसरं छोटं नष्ट होतं. ट्वी१ सारख्या फेररचनेच्या जनुकाचा नॉकआउट दोन मोठी आणि दोन छोटी इथेच अडकतो. डॅपीतली ही चार केंद्रकं म्हणजे मोठा इशारा. पण तेवढाच पुरावा नाही.

मग पीसीआर. एम आणि आर या नावाचे दोन आयईएस जुने आणि चांगले अभ्यासलेले आहेत, आर मध्ये १.१ किलोबेस (हजार अक्षरं) जातात आणि एम मध्ये ०.६ किंवा ०.९. दोन्ही बाजूंना प्रायमर ठेवले की कापलेलं आणि न कापलेलं वेगळं दिसतं. अडचण अशी की ताटात जोडी न जमलेल्या पेशीही असतात, त्यांच्या जुन्या मोठ्या केंद्रकात कापलेलं रूप भरपूर असतं, आणि पीसीआरला छोटा तुकडा जास्त आवडतो. त्यामुळे पूर्ण ताटाचा डीएनए काढून केलेला पीसीआर फसवतो. जोडीतून सुटलेली एकेक पेशी उचलून करा. किंवा फिश (चमकणारा प्रोब, म्हणजे जुळणारा डीएनएचा तुकडा, चिकटवून जागा बघायची पद्धत) करा, टीएलआर१ सारखा जीनोममध्ये अनेक जागी असलेला आयईएस प्रोब म्हणून घेतला की नॉर्मल पेशीत खूण फक्त छोट्या केंद्रकात दिसते आणि बिघडलेल्यात नवीन मोठी केंद्रकंही लखलखतात. मला फिश जास्त पटतं, डोळ्याने दिसतं कुठल्या केंद्रकात काय आहे ते.

बिघाड आहे हे पक्कं झालं की साखळीतली कडी शोधायची. साखळी अशी. मायोसिसच्या सुरुवातीला छोट्या केंद्रकात डीएनएच्या दोन्ही बाजूंनी आरएनए बनतं, डीसीएल१ त्याचे २८-२९ अक्षरांचे तुकडे करतं, ते ट्वी१ वर बसतात, जीआयडब्ल्यू१ ते तयार झालेलं कॉम्प्लेक्स जुन्या मोठ्या केंद्रकात नेतं. तिथे ताडून बघितलं जातं, ज्यांचा जुन्या केंद्रकातल्या डीएनएशी मेळ बसतो ते छोटे आरएनए कमी होतात, या कामात ईएमए१ लागतं. उरलेले, म्हणजे आयईएसचे, नवीन मोठ्या केंद्रकात जातात, ईझेडएल१ तिथल्या हिस्टोनवर (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) मिथाइलच्या खुणा करतं, पीडीडी१ त्या खुणांना धरून बसतं, अशा खुणावाल्या भागांचे गोळे बनतात आणि शेवटी टीपीबी२ कापतं. टीपीबी२ हे मुळात ट्रान्सपोझॉनचं (जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारणारा डीएनए) हत्यार, पिगीबॅक जातीचं, पेशीने ते आपल्या कामाला लावून घेतलंय.

म्हणून क्रमाने विचारा. छोटे आरएनए बनतात का, जेलवर २८-२९ ची पट्टी ३ तासांना आणि १० तासांना आहे का? ३ ला नाही तर डीसीएल१ च्या बाजूला बघा. ३ ला आहे पण नंतर टिकत नाही तर ट्वी१ च्या बाजूला. टिकतात पण निवड होत नाही, तर ईएमए१ सारखं काहीतरी. आरएनए सगळं ठीक, मग हिस्टोनच्या खुणा अँटीबॉडीने बघा, के९ आणि के२७ या दोन्ही जागांवरच्या. खुणा आहेत आणि गोळे नाहीत तर पीडीडी१ कडे, किंवा टीपीबी२ कडेही, कारण ते कमी केलं तरी गोळे नीट बनत नाहीत. नुसतं कात्री आहे म्हणून टीपीबी२ ला साखळीच्या अगदी टोकाला ठेवून विसरू नका.

मेटिंग टाइपची जनुकं असतील तर

इथे मेटिंग टाइप सात आहेत आणि ते ठरण्याची पद्धत म्हणजे फेररचनेचंच एक रूप, हे २०१३ मध्ये कळलं. एमटीए आणि एमटीबी ही जनुकांची जोडी, छोट्या केंद्रकात अशा अपुऱ्या जोड्या ओळीने मांडलेल्या, नवीन मोठं केंद्रक बनताना त्यातली एकच पूर्ण होते आणि बाकीच्या जातात. कुठली पूर्ण होणार ते आईबापाच्या टाइपवरून ठरत नाही. बी जातीच्या स्ट्रेनमध्ये एक नंबरचा टाइप मिळतच नाही, दोन ते सातच. या जनुकांचा नॉकआउट तपासायचा तर वरचं घड्याळ उपयोगाचं नाही, कारण पहिल्या पायरीवरच, जोडीदार ओळखतानाच, सगळं थांबतं. आणि संततीचा टाइप तपासायची घाई नको, नवीन पेशी कितीतरी विभाजनं, ६० च्या आसपास, जोडीला येण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसतात.

हीच पद्धत पॅरामेशियमला जशीच्या तशी लावू नका. तिथे ४५ हजारांच्या आसपास आयईएस, बहुतेक अगदी आखूड, आणि प्रत्येक कट अक्षराला अक्षर बरोबर लागतो कारण बरेचसे जनुकांच्या आतच आहेत. जनुक बंद करायला तिथे खाद्याच्या बॅक्टेरियातून आरएनएआय (आरएनए देऊन जनुक दाबणं) देतात आणि जोडीदार नसतानाही उपाशी ठेवून ऑटोगॅमी (एकाच पेशीचं स्वतःशीच फलन) करवता येते. ऑक्सिट्रिकात तर तुकडे उलटसुलट क्रमाने असतात, जुन्या केंद्रकातून आलेलं लांब आरएनए बघून ते जुळवले जातात, आणि तिथले छोटे आरएनए काय फेकायचं हे सांगत नाहीत तर काय ठेवायचं हे सांगतात. बरोबर उलट.

शेवटचा प्रयोग, जो केल्याशिवाय काहीही लिहू नका: चांगलं जनुक परत घाला, शक्य असेल तर टॅग लावून, आणि थेंबांचा प्रयोग पुन्हा करा. संतती परत आली तर बिघाड त्याच जनुकाचा. नाही आली तर आधी छोटी केंद्रकं तपासा, कारण महिनोन्महिने वाढवत ठेवलेल्या कल्चरमध्ये ती आपोआप खराब होतात आणि दोष जनुकावर जातो. म्हणून नॉकआउट तयार झाला की त्याच आठवड्यात लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवा, नॉर्मल स्ट्रेनही तसेच, आणि दर काही महिन्यांनी तिथूनच नवीन नळी काढून काम करा.